व्हॅनमधून ठाण्याचं ऑफिस: उपग्रह इंटरनेटवर काम कसं जमवावं

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या फर्ममध्ये पगारपत्रकांचं काम करते. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा, १५ तारखेला पीएफ आणि ईएसआयसी. या तारखा कोणासाठी थांबत नाहीत, मी घोडबंदर रोडवर असो की पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात. फेब्रुवारीत आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-जेवणाची सोय असलेली गाडी) घेऊन फिरलो आणि मी रजा न घेता काम करत राहिले. माझी नणंद क्राइस्टचर्चला असते. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीची 'मिनी' ही छोटी डिश तिची, खातंही तिचंच.

परत आल्यापासून सोसायटीत आणि ऑफिसात सगळे एकच विचारतात, स्पीड किती मिळायचा? स्पीड भरपूर मिळतो, त्यावर काम अडत नाही. काम अडतं ते व्हॅन चुकीच्या झाडाखाली लावली म्हणून, रात्री अकराला बॅटरी बसली म्हणून, किंवा ओटीपी आला नाही म्हणून. त्यामुळे या लेखात जास्त जागा त्याच गोष्टींना दिली आहे.

सगळ्यात आधी कायद्याचं बोलते, कारण यात चूक झाली तर महागात पडते. तिकडे घेतलेली डिश बॅगेत घालून मुंबईला आणायची नाही. माळशेजला वापरू, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी बसून काम करू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पण आपल्याकडे उपग्रहाशी बोलणारं असं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला तिच्याकडचं गिर्यारोहकांचं साधं उपग्रह-संदेश यंत्र सापडल्यामुळे अडवलं होतं. तिच्या देशात ते यंत्र दुकानात सहज मिळतं. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारताचा परवाना मिळाला हे खरं, पण तो कंपनीला इथे सेवा देण्यासाठी मिळालेला परवाना आहे. परदेशात नोंदवलेली डिश इथे चालू करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. इथे वापरायची तर इथल्या सेवेची, इथे नोंदवलेली डिश हवी. इतर देशांतही असंच असतं. ज्या देशात जाणार तिथे सेवा अधिकृत आहे का, हे कंपनीच्या नकाशावर पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. नातेवाईक नसतील तर काही कॅम्परव्हॅनवाले गाडीबरोबर डिशही भाड्याने देतात. मला तोच मार्ग सोपा वाटतो.

दुसरी परवानगी व्हिसाची. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पर्यटक व्हिसावर परदेशातल्या मालकाचं काम दुरून करायला मुभा दिली आहे. तिथल्या कंपनीचं काम मात्र चालत नाही, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. सगळे देश एवढे मोकळे नाहीत. तिसरी परवानगी ऑफिसची, आणि ती लेखी घ्या. लोकांचे पगार, पॅन, बँक खाती असा डेटा देशाबाहेरून उघडायचा असेल तर साहेबांनी तोंडी 'हो' म्हणणं पुरेसं नाही. आयटीवाल्यांना तारखा कळवा, नाहीतर परदेशातून लॉगिन दिसल्याबरोबर खातं लॉक होतं आणि ते उघडणारा माणूस त्या वेळी ठाण्यात जेवायला गेलेला असतो.

आता थोडं शास्त्र, जागा निवडताना लागेल तेवढंच. आपल्या इमारतींच्या खिडक्यांबाहेर टीव्हीच्या डिश लटकलेल्या असतात, त्या सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून असतात. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत आणि जमिनीवरून पाहिलं तर एकाच जागी स्थिर दिसतात. एवढ्या उंचीवर जाऊन परत यायला सिग्नलला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे आपलं बोलणं जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा. टीव्हीला त्याने फरक पडत नाही, पण फोनवर बोलताना दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, म्हणून उशीर फार कमी होतो. पण एवढ्या खालचा उपग्रह आकाशात थांबत नाही, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. मग डिश दुसरा पकडते, मग तिसरा. म्हणजे तिला आकाशाचा एखादा ठिपका मोकळा मिळून भागत नाही, मोठा तुकडा लागतो. मिनीला सुमारे ११० अंशांचा शंकू मोकळा हवा.

त्या शंकूत एखादी फांदी आली तर इंटरनेट बंद पडत नाही, आणि म्हणूनच फसायला होतं. उपग्रह त्या फांदीमागून जातो तेवढे दोन-चार सेकंद नेट जातं, पुन्हा येतं, काही मिनिटांनी पुन्हा जातं. ईमेल जातात, फाइल उतरते, स्पीड टेस्टही झकास दिसते. ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन मात्र तुटतं, आणि पगाराची शीट अर्धवट सेव्ह होते. म्हणून ॲपमध्ये स्पीडचा आकडा बघत बसू नका. 'ऑब्स्ट्रक्शन'चा नकाशा बघा. त्यात आकाशाचा घुमट दिसतो आणि अडलेला भाग लाल होतो. हा नकाशा डिश चालू झाल्यावर हळूहळू भरतो, लगेच पूर्ण दिसत नाही. त्याआधी फोनचा कॅमेरा आकाशात फिरवून अंदाज घेण्याची सोय त्याच ॲपमध्ये आहे. ती गाडी पार्क करण्याआधी वापरा. एकदा हँडब्रेक लावला, खुर्च्या बाहेर काढल्या, चहा ठेवला की गाडी हलवायला कोणीच तयार होत नाही.

पुकाकी तलावाच्या काठी काय करावं लागलं ते सांगते, म्हणजे सगळं नीट लक्षात येईल. तलावाच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की उत्तरेला पाण्यापलीकडे आओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटरचा, समोरासमोर दिसतो. माझ्या नवऱ्याने साहजिकच गाडीचं तोंड तिकडे केलं. मागे, म्हणजे दक्षिणेला, पाइनची उंच रांग होती. मोकळं आकाश पुढे आणि झाडं मागे, म्हणजे जागा उत्तम, असं कोणालाही वाटेल. पण दक्षिण गोलार्धात डिश दक्षिणेकडे कलती ठेवावी लागते. उत्तरेकडच्या आकाशात विषुववृत्तावरच्या त्या स्थिर उपग्रहांचा पट्टा येतो आणि त्यांच्या कामात व्यत्यय आणायचा नाही, असा नियम आहे. उत्तर गोलार्धात हेच उलटं होतं, तिथे डिश उत्तरेकडे बघते. म्हणजे आमची डिश नेमकी पाइनकडे तोंड करून बसणार होती.

अशा वेळी डिश झाडांपासून दूर, पाण्याच्या बाजूला न्यायची. जितकं दूर जाल तितके शेंडे आकाशात खाली जातात. साधा हिशोब सांगते: डिश ज्या बाजूला बघते त्या बाजूच्या झाडापासून, त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. २० मीटरचं पाइन असेल तर ४० मीटर. मिनीबरोबर येणारी केबल १५ मीटरची आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त काम गाडीच्या जागेनेच व्हावं लागतं. आम्ही गाडी पाण्याच्या बाजूला पुढे घेतली, केबल पूर्ण सोडली आणि डिश काठाजवळच्या खडीत ठेवली. ॲपमध्ये लाल पट्टा घुमटाच्या कडेला सरकून बारीक झाला. समोरच्या एवढ्या मोठ्या पर्वताचा काहीच त्रास नव्हता, कारण तो लांब आहे आणि क्षितिजापासून जेमतेम तीन-चार अंश वर येतो. लांबचा डोंगर चालतो, जवळचं झाड चालत नाही. मिलफर्डच्या रस्त्यावरच्या अरुंद दऱ्यांत मात्र डोंगरच जवळ येतात. तिथे मोबाइलही बहुतेक ठिकाणी नसतो. त्या भागात कामाचा दिवस ठेवूच नका.

हे सगळं उजेडात करायचं, आणि त्याचं कारण घड्याळात आहे. फेब्रुवारीत न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. आपले सकाळचे दहा म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेपाच. ठाण्यातली संध्याकाळ सहाची सुट्टी तिथे रात्री दीड वाजता होते. फिरणाऱ्या माणसाला ही वेळ फार सोयीची आहे. अख्खा दिवस मोकळा मिळतो आणि काम संध्याकाळी सुरू होतं. पण त्यासाठी चार वाजता मुक्कामी पोहोचायलाच हवं. पाच वाजेपर्यंत डिश लागलेली, ॲपने दाखवलेल्या दिशेला फिरवलेली (मिनीला मोटर नसते, हातानेच वळवावी लागते), व्हीपीएन चालू करून पाहिलेलं, असं असलं की जेवण करून शांतपणे बसता येतं. आधीचे काही तास डिश बंद असली तर सुरू झाल्यावर तिला दहा-पंधरा मिनिटं द्या, मध्येच बंद-चालू करू नका.

साहेबांशी मीटिंगच्या वेळा आधी ठरवून घ्या. हॉलिडे पार्कमध्ये (कॅम्परव्हॅनच्या मुक्कामाच्या जागी) साधारण रात्री दहानंतर आवाज चालत नाही आणि व्हॅनच्या भिंती पातळ असतात. तिथले दहा म्हणजे इथले दुपारचे अडीच. माझे सगळे कॉल दुपारी अडीचच्या आत आणि नंतर फक्त मेसेज, असं आम्ही ठरवलं होतं. शेजारच्या गाडीतल्या लोकांची झोप मोडून कोणाच्या पगाराचा हिशोब समजावणं बरं नाही, आणि तो हिशोब त्यांना ऐकू जाणं तर मुळीच बरं नाही.

आता वीज. मिनी साधारण २५ ते ४० वॅट घेते. माझा लॅपटॉप तेवढाच. दोन्ही मिळून ६० वॅट धरा, आठ तासांचे ४८० वॅट-अवर, आणि वाटेतली गळती धरून ५५०. कॅम्परव्हॅनमध्ये बहुतेक १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची दुसरी बॅटरी असते. कागदावर ती १,२०० वॅट-अवरची. लेड-ॲसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात ६०० राहतात. त्यातच फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप. थोडक्यात, एक रात्र काठावर निघते आणि दुसरी निघत नाही. म्हणून गाडी घेताना पहिला प्रश्न विचारा, बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम? आणि कामाच्या दोन रात्री सलग बिनविजेच्या जागी काढू नका. एक रात्र तलावाकाठी, दुसरी प्लगच्या जागेवर. तिथली वीज २३० व्होल्टचीच आहे, फक्त पिना तिरक्या असतात, त्याचा ॲडॉप्टर ठाण्याहूनच न्या.

पॉवर बँकवर भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एक, मिनीला यूएसबी-सीवरून चालवायचं तर १०० वॅटचं पीडी (पॉवर डिलिव्हरी) आउटपुट हवं. बाजारातल्या बऱ्याच बँक ६५ वॅटवर थांबतात. दोन, विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची बँकच विनापरवानगी नेता येते, तीही हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. त्यावर डिश दोन तास चालेल, एखादी मीटिंग आणि थोडं वर. अडीअडचणीला बरी, रात्रभराच्या कामाला नाही.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून लांब केबलने डिश चालवली की ती अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होते, अशी तक्रार बरेच जण करतात. १२ व्होल्टची वीज लांब आणि बारीक तारेतून जाताना व्होल्टेज पडतं, आणि डिशला किमान १२ व्होल्ट हवेच असतात. व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर सॉकेटच्या टोकाला लावला की हा त्रास जातो.

विजेचा आणि डेटाचा हिशोब ठाण्यातच करून बघा. डिश नसली तरी चालेल. एका शनिवारी घरचं वायफाय बंद ठेवा, फोनच्या हॉटस्पॉटवर आठ तास ऑफिसचं काम करा आणि शेवटी किती जीबी गेले ते पाहा. लॅपटॉपच्या चार्जरला यूएसबी-सी मीटर लावा, तो खरे वॅट दाखवतो. तुमच्या कामाचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील आणि डिशचा डेटा प्लॅन त्यावरूनच निवडायचा आहे. व्हिडिओ कॉल तासाला एक-दोन जीबी सहज खातो, नुसत्या आवाजाचा कॉल त्याच्या अगदी थोडा भाग. विंडोजमध्ये ते नेटवर्क 'मीटर्ड' (मोजक्या डेटाचं) करून ठेवा, नाहीतर मध्यरात्री अपडेट सुरू होतं. फोटोंचं बॅकअपही बंद ठेवा. फिरायला गेल्यावर घरातला प्रत्येक फोन दिवसभराचे व्हिडिओ संध्याकाळी वर चढवू लागतो, नेमका तुमच्या कामाच्या वेळी.

डिश पहिल्यांदा चालू झाली की तिचं वायफाय बिनपासवर्डचं, उघडं असतं. सगळ्यात आधी पासवर्ड लावा. आमच्यासारख्या कामात तर दुसरं काहीही करण्याआधी हेच.

मग ओटीपी. डिश इंटरनेट देते, एसएमएस देत नाही. बँकेचा, पीएफच्या पोर्टलचा ओटीपी तुमच्या भारतीय सिमवर येतो आणि त्याला मोबाइलचा टॉवर लागतो. जिथे डिश लागते तिथे टॉवर नसतो, म्हणून तर डिश लावलेली असते! जिथे जमेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) किंवा ईमेलवरचा ओटीपी निघण्यापूर्वी चालू करून घ्या. शिवाय आपली काही सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरून उघडतच नाहीत. त्यासाठी ऑफिसच्या व्हीपीएनमधून भारतातल्या सर्व्हरवरूनच जावं लागतं. मी पीएफच्या चलनाची फाइल तयार करून तपासून पाठवायचे आणि ती पोर्टलवर चढवून पैसे भरण्याचं काम ऑफिसातली सहकारी करायची. डिजिटल सहीचा टोकनही तिच्याकडेच ठेवला होता. शेवटच्या तारखेवर काम ढकलायचं नाही, १५ ची मुदत १२ लाच संपते असं धरून चालायचं.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे ऑफिसचा संगणक दूरून चालवून, काम करणाऱ्यांना माउस थोडा मागे पडलेला जाणवेल. त्यात उपग्रहाचा दोष थोडाच आहे, ऑकलंड ते मुंबई हे समुद्राखालच्या केबलचं अंतरच मोठं आहे. मोठी एक्सेल शीट दूरच्या मशीनवर उघडून भरत बसण्यापेक्षा, ऑफिसची परवानगी असेल तर कंपनीच्या लॅपटॉपवर घेऊन भरावी आणि परत पाठवावी.

पावसाने फार अडत नाही. डिश पाणी सोसते, खूप जोराच्या सरीत नेट थोडं मंदावतं. वाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवा. किलोभराची सपाट वस्तू उघड्या मैदानात सहज उलटते, दोरीने एखाद्या जड दगडाला बांधून ठेवा. आर्थर्स पासच्या भागात किआ नावाचे मोठे हिरवे पोपट असतात. गाड्यांच्या काचांभोवतीचं रबर ते चोचीने सोलून काढतात आणि केबल त्यांना तितकीच आवडते. तिथे डिश बाहेर ठेवून फिरायला जाऊ नका. गावात असाल तेव्हा तर डिश गाडीबाहेर काढूच नका, स्थानिक सिमचा हॉटस्पॉट किंवा सार्वजनिक लायब्ररीचं मोफत वायफाय पुरतं, बॅटरीही वाचते.

निघताना डिश ज्याची त्याला परत द्या. विकत घेतली असेल आणि तिथेच विकणार असाल तर ती आधी आपल्या खात्यातून काढून टाका आणि प्लॅन बंद करा. तसं न करता विकली तर नव्या मालकाला ती स्वतःच्या खात्यावर चालू करता येत नाही आणि तुमच्या कार्डावरून दर महिन्याला पैसे जात राहतात. हेही काम विमानतळावर नको, क्राइस्टचर्चला व्हॅन परत करायच्या आदल्या संध्याकाळी करा.